सात मिलिमीटर आणि हत्ती

मोठ्या जनावराला मोठीच गोळी लागते असं कुणी म्हटलं, की समोरचा हमखास बेलचं नाव काढतो. वॉल्टर डॅलरिम्पल मेटलँड बेल, स्कॉटलंडचा, जन्म १८८०. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडाच्या ईशान्येकडे करामोजा भागात हस्तिदंतासाठी फिरला, म्हणून ‘करामोजो’ बेल. आयुष्यात हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले सुमारे ८०० ७×५७ माउझरने, म्हणजे ७ मिलिमीटरची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांबीची पुंगळी (गोळीमागची दारू भरलेली धातूची नळी) असलेल्या काडतुसाने. हे काडतूस आज बहुतेक ठिकाणी हरणासाठी वापरतात. हत्तींचा हा आकडा वाचून आज अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण रायफलवाल्यांच्या वादात हाच आकडा हुकमाच्या पानासारखा टाकला जातो: बघा, कॅलिबरला, म्हणजे गोळीच्या जाडीला, काही अर्थ नाही, नेम हवा.

यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी बेल नेमकं काय करत होता ते बघावं लागतं.

बेलने मारलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू कुठे बसतो ते पाहिलं होतं. हे काम वाटतं तितकं साधं नाही. हत्तीचं डोकं प्रचंड असलं तरी त्यातली बरीचशी जागा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीदार हाडाने भरलेली असते. मेंदू ४.५ ते ५.५ किलोचा, म्हणजे मध्यम कलिंगडाएवढा, आणि तो बसलेला असतो मागे आणि खाली, दोन कानांच्या छिद्रांच्या मधोमध. कपाळाचा जो फुगवटा समोरून नजरेत भरतो त्याच्या मागे मेंदू नसतोच. बाजूने गोळी मारायची तर कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे, आणि हाड त्यामानाने पातळ. समोरून मारायची तर दोन्ही कानांच्या छिद्रांतून एक काठी आरपार गेली आहे असं मनात धरायचं आणि त्या काठीच्या मध्यावर नेम घ्यायचा. आता हत्ती लांब आणि डोकं सरळ असेल तर ती रेषा साधारण डोळ्यांच्या पातळीवरून आत जाते. तोच हत्ती १५ मीटरवर आला की माणूस खालून वर बघत असतो, गोळी चढती जाते, म्हणून नेम खाली, सोंडेच्या बुडाकडे घ्यावा लागतो. हत्तीने डोकं वर उचललं की तो आणखी खाली. सोंडेवरची एखादी सुरकुती पाठ करून ठेवणाऱ्याचं इथे फसतं. चित्रातली खूण एकाच कोनातून बरोबर असते.

दुसरी गोष्ट गोळीची. बेल ७ मिलिमीटरमध्ये १७३ ग्रेनची, म्हणजे ११.२ ग्रॅमची, लांब, बोथट गोल टोकाची, पूर्ण धातूचं कवच असलेली लष्करी धाटणीची गोळी वापरे. ही मांसात शिरल्यावर चपटी होऊन न फुलता, न वळता सरळ जाते. तेव्हा युरोपातल्या बऱ्याच फौजा टोकदार गोळीकडे वळत होत्या. जर्मनांनी १९०५ मध्ये ती घेतली, ब्रिटिशांनी आपल्या .३०३ इंची लष्करी रायफलीसाठी १९१० साली मार्क सात ही गोळी आणली. मार्क सातच्या टोकात शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम होतं, त्यामुळे वजन मागे सरकलेलं. हवेत ती सुरेख उडे, मांसात शिरली की कोलांटी खाई. आधीची मार्क सहा, २१५ ग्रेनची, गोल टोकाची, सरळ पार जाई. बंदूक तीच, कॅलिबर तेच, चापही तसाच ओढलेला. एका गोळीने हत्ती पडतो आणि दुसरी हाडात वाट चुकते. ‘.३०३ हत्तीला चालते का’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणती गोळी, हे आधी विचारायला हवं.

गोळी किती खोल जाईल याचा ठोकताळा काढायचा तर सेक्शनल डेन्सिटी बघतात. गोळीचं वजन पौंडांत घ्यायचं आणि इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागायचं. आकडा मोठा तितकी गोळी खोल जायची शक्यता जास्त. बेलची ७ मिलिमीटर: ०.३०६. सहा दशांश पाच मानलिखरची १६० ग्रेनची: ०.३२८. .३७५ हॉलंड अँड हॉलंडची ३०० ग्रेनची: ०.३०५. .४७० नायट्रो एक्सप्रेसची ५०० ग्रेनची: सुमारे ०.३१७. आणि ती राक्षसी .६००, ९०० ग्रेनची, म्हणजे एक गोळी ५८ ग्रॅमची: ०.३३४. सगळ्या एकाच पंगतीतल्या. .६०० ची गोळी सातच्या पाचपट जड असली तरी तिला भोकही तितकंच रुंद पाडत जावं लागतं, आणि नळीतून ती निघते सेकंदाला ५९५ मीटरने, तर सातची ७०० ने. घुसण्याच्या खोलीत बेल कुणापेक्षा मागे नव्हता. कवटीतून दोन फुटांच्या आसपास सरळ जाईल अशी गोळी त्याच्याकडे होती आणि ती कुठे घालायची हे त्याला ठाऊक होतं.

त्याच्या बाजूने तिसरी गोष्ट होती ती जागेची. करामोजा म्हणजे बराचसा मोकळा माळ आणि त्या काळी बंदूक न पाहिलेले कळप. हत्ती दिसतो, तो उभा असतो, कोन बघून चालत जवळ जाता येतं, कोन जमला नाही तर थांबता येतं. बेल उडत्या पक्ष्यांवर नेम साधे, रिकाम्या रायफलीने सराव करे आणि दिवसच्या दिवस पायी चाले. ज्याला कोन निवडायची मुभा आहे आणि नकार द्यायचा संयमही आहे, त्याला ७ मिलिमीटर पुरते. यातली एक जरी गोष्ट काढून घेतली तरी हिशोब बिघडतो, आणि बेलचं नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तिन्ही नसतात.

मग मोठं कॅलिबर करतं काय? आधी ते काय करत नाही ते सांगितलेलं बरं. ते जनावराला ‘उडवत’ नाही. .४७० ची ३२.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५५ मीटरने जाते. वजन गुणिले वेग केलं तर संवेग येतो साधारण २१. आफ्रिकेतला रानरेडा ७०० किलोचा धरा. गोळी पूर्ण त्याच्या अंगात थांबली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर. माशी बसली म्हणून कातडी थरथरवतो तेव्हा तो याहून जास्त हलतो. खांद्याला बसणारा धक्का तर गोळीबरोबर सुटणाऱ्या वायूमुळे त्याहून मोठा असतो. गोळीने रेडा मागे फेकला जाणार असता तर बार काढणारा आधी फेकला गेला असता.

मोठं कॅलिबर देतं ते दोन गोष्टी. जखम रुंद होते, रक्त लवकर जातं. आणि मेंदू चुकला तर जनावर काही क्षण सुन्न होतं. दुसरी गोष्ट हत्तीच्या बाबतीत जीवन-मरणाची आहे. जॉन ‘पोंडोरो’ टेलर नावाच्या आयरिश शिकाऱ्याने यासाठी एक सूत्र काढलं: ग्रेनमधलं वजन गुणिले फूट-प्रतिसेकंद वेग गुणिले इंचातला व्यास, भागिले ७०००. ७×५७ ला येतात १६. .३७५ ला ४० च्या आसपास. .४७० ला सत्तरीच्या थोडं वर. .६०० ला दीडशे. टेलरला मोजायचं होतं ते एवढंच, की कवच असलेल्या गोळीने हत्तीच्या डोक्यात मेंदूच्या जवळून वार झाला तर तो किती वेळ जमिनीवर राहील. सातने मेंदू चार बोटं चुकला तर हत्ती मान झटकून निघून जातो, किंवा निघून न जाता समोर येतो. .४७० ने तेवढाच चुकला तर तो गुडघ्यावर येतो आणि दुसऱ्या नळीची गोळी घालायला वेळ मिळतो. पुढे लोकांनी हे सूत्र हरणांना, डुकरांना, फुलणाऱ्या गोळ्यांना, दिसेल त्याला लावलं. तिथे ते काहीच सांगत नाही. खुद्द टेलरला .३७५ फार आवडे, हे मात्र त्याचं सूत्र मिरवणारे विसरतात.

वेळेचा हिशोबही मांडून बघावा. धावणारा हत्ती ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला ७ मीटर. दाट झुडपात तो २० मीटरवर दिसला तर हातात तीन सेकंदही नाहीत. त्यात रायफल खांद्याला लावणं, हलत्या डोक्यात ती मनातली काठी शोधणं आणि चाप ओढणं आलं. इथे कोन निवडता येत नाही आणि नकारही देता येत नाही. बेलचा युक्तिवाद इथे संपतो आणि जाड नळीचा सुरू होतो. जाणते व्यावसायिक शिकारी पैसे देऊन शिकारीला आलेल्या पाहुण्याच्या हातात .३७५ देतात आणि स्वतः .४१६, .४५८ किंवा .४७० घेऊन चालतात ते याचसाठी. पाहुण्याची पहिली गोळी निवांत असते. त्यांची गोळी सुटायची वेळ आलीच तर ती झुडपातली असते.

कागदावर मोठी असलेली गोळी प्रत्यक्षातही मोठी असते असं नाही. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ साली आली, ५०० ग्रेन, सेकंदाला २१३० फूट असं सांगत. काडतूस आखूड, दारू दाबून भरलेली. लांब चाचणी-नळीत मिळालेला वेग शिकाऱ्यांच्या रायफलींत मिळेना. कित्येक १९५० च्या घरात अडकल्या. जुन्या काडतुसांत दाबलेल्या दारूचे गठ्ठे होत आणि एखादी गोळी फारच मंद निघे. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केलं. पुढे १९७१ मध्ये त्याने हेच काडतूस लांब करून .४५८ लॉट तयार केलं. जुन्या इंग्रज कारागिरांना हा धडा उलट्या बाजूने ठाऊक होता. त्यांची दारू म्हणजे कॉर्डाइट, आणि ती उन्हात तापली की दाब भलताच वाढे. इंग्लंडच्या थंडीत ठीक चाललेली रायफल आफ्रिकेच्या किंवा हिंदुस्थानच्या मे महिन्यात काडतूस नळीत घट्ट बसवून टाकी. म्हणून .४१६ रिग्बीची पुंगळी इतकी ऐसपैस: जागा जास्त, दाब कमी, रिकामी पुंगळी बिनबोभाट बाहेर.

आता खांद्याकडे येऊ, कारण सगळं बिघडतं ते इथे. ठोकळ हिशोबाने ३.६ किलोच्या ७×५७ चा धक्का १८ ज्यूलचा. ४.१ किलोच्या .३७५ चा ५५ ते ६०. ४.८ किलोच्या .४७० चा शंभरच्या आसपास. .६०० सव्वासात किलोची असूनही १३० च्या वर. माणूस यातलं किती सोसून नेम धरू शकतो? सराव असलेल्या बहुतेकांचा काटा .३७५ वर येऊन थांबतो. त्यापुढे धक्का सोसणारे बरेच भेटतात, सोसून नेम राखणारे थोडे.

धक्क्याने खांदा दुखतो ही किरकोळ बाब. खरा घात पुढच्या बाराला होतो. शरीर दणक्याची वाट बघू लागतं, चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, पुढचा हात नळी खाली दाबतो. बार सुटल्यामुळे हे कुणाला दिसत नाही, स्वतःलाही नाही. गोळी खाली लागते आणि दोष दुर्बिणीला जातो. हे उघडं पाडायचा जुना उपाय आहे: रायफल दुसऱ्याने भरायची, मधूनच खोटं काडतूस घालायचं आणि ते कुठे आहे हे सांगायचं नाही. चाप ओढला, ‘टक’ झालं आणि नळीचं तोंड खाली बुचकळलं की रोग सापडला. मग पूर्ण ताकदीची काडतुसं बाजूला ठेवायची आणि त्याच ठेवणीच्या .२२ वर यायचं. उभं राहून, तिकाटण्यावर टेकून, कारण आफ्रिकेत बहुतेक बार तसेच सुटतात. टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून .३७५ चे २०-३० बार काढणं म्हणजे हा रोग विकत घेणं. बसलेलं शरीर मागे जायला मोकळं नसतं, सगळा धक्का खांद्यात जिरतो. टेबल फक्त शून्य लावण्यापुरतं, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळवण्यापुरतं, तेही छाती उभी ठेवून, पाच-सहा बारांत आटपावं. एका दिवसात पूर्ण ताकदीचे १०-१२ बार पुष्कळ झाले.

दुर्बीण डोळ्यापासून किमान ९ सेंटिमीटरवर हवी, आणि पट कमी, १ ते ४ किंवा दीड ते ५. चढावर झोपून बार काढताना डोकं पुढे सरकतं आणि दुर्बिणीची कड भुवईवर अर्धचंद्र कोरते. अनुभवी लोकांच्या कपाळावर ही खूण दिसते.

बोल्ट रायफलीत, म्हणजे जिथे दर बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे करून नवं काडतूस भरतात तिथे, मोठ्या काडतुसाचा आणखी एक सापळा आहे. .३७५ आणि .४१६ ची काडतुसं लांब, बोल्टही लांब मागे जातो. घाईत माणूस तो अर्धाच ओढतो. रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, किंवा पडली तर खालचं काडतूस वर उचललं जात नाही, आणि चाप ओढल्यावर आवाज येतो तो नुसता ‘टक’. इलाज कंटाळवाणा आहे: रायफल खांद्यावरून न उतरवता बोल्ट शेवटपर्यंत, आडदांडपणे मागे मारायचा, शेकडो वेळा, खोट्या काडतुसांवर. पहिल्या बारानंतर जनावर पडलेलं दिसलं तरी बोल्ट मारायचाच.

दुनळीवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचा त्रास वेगळा. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात. धक्क्याने नळी बाहेरच्या बाजूला झुकते हे धरून कारागीर त्या आतल्या बाजूला वळवतो, ठरावीक गोळीला आणि ठरावीक वेगाला, साधारण ५० ते ७५ मीटरवर जुळतील अशा. वेग कमी असलेलं काडतूस घातलं की गोळी नळीत जास्त वेळ राहते, नळी जास्त झुकते आणि दोन्ही गोळ्या एकमेकींपासून लांब पडतात. जास्त वेगाची घातली की त्या एकमेकींना ओलांडतात. आजोबांच्या दुनळीत आजची काडतुसं घालून ‘नळ्या बिघडल्या’ म्हणणारे लोक आहेत. नळ्या जिथल्या तिथेच असतात.

रानरेड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे कॅलिबर पुरेसं असूनही जास्त माणसं चुकतात. त्याचं हृदय लोक समजतात त्यापेक्षा पुढे आणि खाली असतं, थेट पुढच्या पायांच्या मध्ये. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मधोमध सरळ वर यायचं, आणि छातीच्या खालच्या कडेपासून एक-तृतीयांश उंचीवर थांबायचं. हरणाच्या सवयीने पायाच्या मागे, मध्यावर मारलं तर फुप्फुसाची मागची कड मिळते, आणि थोडं आणखी मागे सरकलं की पोट. तिरका उभा असेल तर गोळी कुठे शिरते ते विसरून ती पलीकडच्या पायातून बाहेर पडेल अशी रेषा धरायची. पाठ करून उभा असेल तर थांबायचं. हृदय फुटलेला रेडाही मेंदूतल्या उरलेल्या प्राणवायूवर १०-१५ सेकंद धावतो, तेवढ्यात ५०-१०० मीटर सहज जातो. म्हणून तो पळाला याचा अर्थ गोळी चुकली असा नाही आणि लागली असाही नाही.

ते कळतं रक्तावरून. फिकट, फेसाळ गुलाबी: फुप्फुस. गर्द लाल, संथ: यकृत किंवा नुसता स्नायू. हिरवट, चघळलेल्या गवताचा चोथा मिसळलेला: पोट. फुप्फुसाचा असेल तर २०-३० मिनिटं थांबून माग काढायचा, बहुतेक वेळा तो पडलेलाच मिळतो. पोटाचा असेल तर पुढचे काही तास वाईट जाणार. पोटात .४७० लागली काय नि ७ मिलिमीटर लागली काय, जखमी रेडा आपल्या मागावर वळून बसतोच. शंभर ज्यूलचा धक्का घाबरत घाबरत सोसून पोटात घातलेल्या गोळीपेक्षा .३७५ ची जागेवर बसलेली गोळी केव्हाही परवडते, आणि माझ्या मते बेलच्या गोष्टीतून घ्यायचं असेल तर इतकंच घ्यावं.

कायद्याने मात्र बेलचं ऐकलेलं नाही, आणि ते बरंच झालं. झिम्बाब्वेत हत्ती, रानरेडा, पाणघोडा यांच्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५३०० ज्यूल ऊर्जा लागते. बेलची सात देते जेमतेम २७५०, म्हणजे निम्मी. कायदा बेलसाठी लिहायचा नसतो. विमानातून परवा उतरलेल्या, वर्षाला दोन डब्बे काडतुसं उडवणाऱ्या माणसासाठी लिहायचा असतो. पण व्यास आणि ज्यूल कागदावर मोजता येतात म्हणून मोजले जातात, नेम मोजायला माणूस मैदानावर न्यावा लागतो. त्याच झिम्बाब्वेत व्यावसायिक शिकाऱ्याचा परवाना हवा असेल तर वर्षानुवर्षं उमेदवारी करून प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. पाहुण्याला ती लागत नाही.

नॉर्वेने दोन्ही मोजायचं ठरवलं. मूस हे तिथलं सर्वांत मोठं हरीण, चारशे-पाचशे किलोपर्यंत भरणारं. त्यासाठी फुलणारी गोळी किमान ९ ग्रॅमची हवी. ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल, १० च्या वर असेल तर २२०० ज्यूल. उंबरठा मुद्दाम बेताचा ठेवलेला. त्यामुळे ६.५×५५ हे जुनं, मऊ धक्क्याचं काडतूस १०.१ ग्रॅमच्या गोळीसह त्यात बसतं, आणि नॉर्वे-स्वीडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मूस त्यानेच पडत आले आहेत. पण शिकाऱ्याला दर वर्षी हंगामाआधी ३० सरावाचे बार काढून परीक्षा द्यावी लागते: १०० मीटरवर जनावराची आकृती, ३० सेंटिमीटरचं वर्तुळ, पाच गोळ्या, पाचही आत. चार आत आणि एक कडेबाहेर, तर नापास. वर जखमी जनावर हुडकायला शिकवलेला कुत्रा उपलब्ध आहे याचीही सोय दाखवावी लागते. परीक्षा अवघड नाही, असं तिथले नेमबाज नाक मुरडून म्हणतात. नसेलही. पण ज्याला .३०० मॅग्नमचा दणका सोसत नाही तो या पाच गोळ्यांत उघडा पडतो, आणि पुढच्या वर्षी गुपचूप ६.५ घेऊन येतो.

हिंदुस्थानात कॅलिबर ठरवायला एकदा जनावर नव्हे, सरकारची भीती कारण झाली. .४५० ची मार्टिनी-हेन्री रायफल आणि तिच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती जातील म्हणून १९०७ मध्ये ब्रिटिशांनी इथे आणि सुदानमध्ये .४५० कॅलिबरवर बंदी आणली. तोवर .४५० नायट्रो एक्सप्रेस वाघ-गव्यांसाठी ठरलेली. लंडनच्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं काढली. आज ‘.४७० ची खास ताकद’ म्हणून जे बोललं जातं त्याचं मूळ असं या बंदीत आहे; .४५० आणि .४७० यांच्यातला फरक कुठल्याही गव्याला कळला नसता.

त्याच वर्षी, १९०७ मध्ये, चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेट यांनी मारलं आणि संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना .२७५ रिग्बी भेट दिली. हे काडतूस म्हणजे बेलचंच ७×५७, इंग्रजी नावाने. २ मे १९२६ च्या रात्री गोलाबराईच्या आंब्यावरून रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या पडला तो .२७५ च्या एका गोळीने. बॅटरीचा झोत क्षणभर मिळाला आणि विझला. कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती. पण हलकी रायफल त्या एका क्षणात पटकन खांद्याला आली आणि बिबट्याला त्याहून मोठं काही नकोच होतं.

चंपावतच्या वाघिणीचा जबडा तपासला तेव्हा उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले निघाले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. जुनी गोळीची जखम. कधीतरी कुणीतरी तिच्यावर बार काढला, तो तोंडात लागला, आणि माग काढायला कुणी गेलं नाही. सरकारी गणतीप्रमाणे तिने पुढे ४३६ माणसं मारली. ती गोळी कितीची होती ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ती दुप्पट जाड असती आणि तिथेच लागली असती, तर वाघीण कदाचित मेली असती. सहा इंच मागे लागली असती, तर कुठलीही चालली असती.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला. उरलंय ते पीक राखणं. महाराष्ट्रात नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोहीला वन खात्याच्या परवानगीने मारता येतं, आणि ज्यांच्याकडे परवाना असतो त्यांच्या हातात बहुतेक वेळा असते बारा बोअरची दुनळी आणि एलजी किंवा एसजीची काडतुसं. म्हणजे मोजके जाड छर्रे. आवाज मोठा, धक्का मोठा, त्यामुळे ताकदही मोठी वाटते. पण ही गोल शिशाची गोटी, तिची सेक्शनल डेन्सिटी रायफलीच्या गोळीच्या जवळपासही येत नाही, आणि वयात आलेल्या डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचं चिलखत असतं. जवळून सगळे छर्रे एका जागी बसतात तेव्हा काम होतं. चाळीस मीटरवर ते इतके पांगतात की एखाद-दुसरा पोटात बसतो, डुक्कर उसात शिरतं आणि सकाळी ऊस तोडायला माणसं जातात.

आपली बंदूक कुठवर चालते हे विचारून कळत नाही, नळीनळीगणिक वेगळं असतं. जुन्या चादरीवर वीस सेंटिमीटरचं वर्तुळ काढावं. मागे मातीचा बांध असावा. १५, २०, २५ आणि ३० मीटरवरून प्रत्येक नळीने वेगळा बार काढावा आणि वर्तुळात किती छर्रे गेले ते मोजावं. जिथे एकही छर्रा बाहेर जाऊ लागला, त्याच्या आधीचं अंतर ही त्या नळीची त्या काडतुसापुरती हद्द. चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित निमुळत्या, डाव्या नळीची ती सहसा थोडी लांब भरते, पण जाड छर्ऱ्यांना चोक कधी कधी विस्कटतो, म्हणून दोन्ही नळ्या तपासाव्यात. हद्दीवर शेताच्या बांधाला खुंटी ठोकावी, रात्री अंतर डोळ्यांना फसवतं. काडतुसांचा नवा डबा आणला की चादर पुन्हा बाहेर काढावी.